तबकात राहिलेला अर्ज

पंतोजी, तुमच्याशी जे बोलायचं राहून गेलं ते आता कागदावर बोलतो आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी तिशी नुकती ओलांडलेला होतो. आज तुमच्या त्या वयापेक्षाही म्हातारा झालो आहे, तेव्हा बरोबरीच्या नात्यानं लिहायला हरकत नाही असं कोणी म्हणेल, पण ते जमत नाही. आत्ताही लिहायला बसण्याआधी पाय धुऊन आलो. चत्रमच्या, त्या जुन्या धर्मशाळेच्या, विहिरीवर पाय धुतल्याशिवाय तुम्ही ओसरीवर चढू देत नव्हता, आणि ओल्या पायांचे ठसे पाहून कोण आलं, कोण नाही ते ओळखायचात.

मी तुमच्याकडे उशिरा आलो. सतरा वर्षांचा होतो, दिवसा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला, अंगाला कथलाचा वास. आई म्हणाली, घरात मराठी बोलतोस आणि सही तमिळमध्ये करतोस, जा, पंतोजींपाशी चार अक्षरं शीक. तुम्ही दिवसभर तालुका कचेरीत दुसऱ्यांच्या दस्तांच्या नकला करायचात आणि संध्याकाळी चत्रमच्या ओसरीवर पिढ्यानपिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या मराठी लोकांच्या पोरांना बाळबोध अक्षरं, जुनी पदं आणि कथा सांगायची रीत शिकवायचात, फुकट. सहा-सात वर्षांच्या पोरांत मी गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. ती पोरं मला 'मामा, तुमचा ळ उलटा झाला' असं सांगायची. पण पद एकदा ऐकलं की माझ्या कानात बसायचं, त्यामुळे महिनाभरात मी पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायला लागलो. एके दिवशी तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलंत, उलटं केलंत आणि परत दिलंत. माझं लक्षच नव्हतं. मी तसाच पुढे म्हणत राहिलो. पोरं हसून लोळायला लागली. तुम्ही हसला नाहीत. "कानांनीं वाचतोस होय रे?" तुम्ही म्हणालात. "कान तुझे चांगले आहेत म्हणोनच भय वाटतें. ज्याला ऐकूं येतें त्यास वाटतें, आपणास सर्व कळलें." त्या रात्रीपासून मी एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायला शिकलो. तुमची मराठी ही अशी, दोनशे वर्षांपूर्वीची. पुढे पुण्याहून आलेल्या एका माणसाशी मी तीच बोललो तर तो बिचारा मला कीर्तनकार समजला.

कानांवरच मी पोट भरलं, हे तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावरून जाताना कोणत्या भोंग्याचा पडदा फाटला आहे ते मला सांगता यायचं. उधारीवर एक माइक आणि दोन भोंगे घेतले; लग्नं, देवळांचे उत्सव, पक्षांच्या सभा. सभेला आवाज मोठा लागतो, गाण्याच्या कच्चेरीला स्वच्छ लागतो, आणि लग्नात नवरीच्या बापाला फक्त शेजारच्या गल्लीत पोचला म्हणजे झालं, एवढं ज्ञान मला पुरलं. मेलवीदीच्या रस्त्यावर दुकान टाकलं त्या दिवशी तुम्ही कचेरीतून थेट आलात आणि जाड कागदावर तुमच्या नकलनविशी अक्षरात लिहिलेलं दुकानाचं नाव दिलंत. तीन कागद होते, तमिळ, इंग्रजी आणि बाळबोध. पहिले दोन मी काच घालून दर्शनी भिंतीला लावले. तिसरा आत, मालाच्या खोलीत. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "आंत बरा. ऊन लागत नाहीं."

बसगाड्यांच्या एका मालकानं वडिलांच्या नावानं धर्मादाय ट्रस्ट काढला होता. तिरुवैयारुच्या बाजूला नागस्वरम शिकवणारी एक शाळा, कालव्याकाठच्या दोन गावांत पोरांसाठी वाचनालय, ओरत्तनाडुकडे बायकांचा शिवणवर्ग, अशा कामांना तो मदत द्यायचा. त्यांच्या वडिलांच्या पुण्यतिथीच्या कच्चेरीला माइक माझा होता. गाणारे अगदी थकलेले होते, तरी त्यांचा श्वाससुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. "रावजी, तुम्ही माझ्या कमिटीत या," ते तमिळमध्ये म्हणाले. "तिथं सगळे बोलणारे आहेत. एक ऐकणारा पाहिजे." असा मी पाच जणांत पाचवा झालो. एक डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त हेडमास्तर, मालक स्वतः, आणि मी भोंगेवाला. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिनं आधी विचारलं, चप्पल बाहेर काढून बसायचं का आत.

त्या कमिटीची एक रीत होती. आलेले अर्ज पितळी तबकात विड्याच्या पानांवर ठेवून मधोमध आणायचे. हेडमास्तर एकेकाचं नाव वाचायचे. ज्याला तो अर्ज पटेल त्यानं उजव्या हातानं उचलायचा. उचलला की ती जागा बघून येणं, चौकशी करणं आणि पुढं जबाबदार राहणं त्याच्याकडे. कोणी उचलला नाही तर अर्ज तबकात राहायचा. तीन बैठका राहिला की लोखंडी कपाटात. नाही म्हणायची पद्धतच नव्हती. मालक म्हणायचे, मागायला आलेल्याला नाही म्हणायला माझ्या बापानं शिकवलं नाही.

चत्रमची ओसरी दुरुस्तीसाठी बंद होणार असं कळलं, तेव्हा तुम्ही अर्ज घेऊन दुकानात आलात. भाड्याची एक खोली, चटया, कंदील, पुण्याहून मागवायची बालवाचनाची पुस्तकं. इंग्रजीत एक प्रत आणि तमिळमध्ये एक, एकही खाडाखोड नाही. "तूं कमिटींत आहेस म्हणोन आलों नाहीं," तुम्ही म्हणालात. "रीत काय, तेवढें सांग." मी तुम्हाला खुर्ची दिली, गरम कापी मागवली आणि म्हटलं, ठेवा पंतोजी, मी पोचवतो. तुम्ही टंबळर ओठांना न लावता वरून कापी प्यायलात, धोतराच्या सोग्यानं बोटं पुसलीत आणि एवढंच म्हणालात, "सात पोरें आहेत. फार नाहींत. पण तीं गेलीं तर मग कोणी नाहीं."

पहिल्या बैठकीत हेडमास्तरांनी तुमचं नाव वाचलं. वकील हसून म्हणाले, "आता रावजींच्या लोकांना त्यांचं वेगळं राज्य मिळालंय की मुंबईकडे. तिकडेच अर्ज करायचा." सगळे हसले, मीही हसलो. म्हटलं, "तिकडे आमची मराठी कळत नाही हो." पुन्हा हसले. मग सगळे गप्प झाले, आणि तो गप्पपणा मला आजही ऐकू येतो. वरच्या पंख्याची एक पाती घासत होती. मालकांनी सुपारी कातरली. माझा उजवा हात मांडीवर होता. मला वाटलं, आपल्याच माणसाचा, आपल्याच गुरूचा अर्ज आपण उचलायचा हे शोभत नाही. काल आलेला भोंगेवाला आज स्वतःची माणसं पुढं करायला लागला, असं म्हणतील. डॉक्टर भला माणूस आहे, तो उचलेल. आता स्वच्छच सांगायचं तर आणखीही एक होतं. यांच्यातलं कोणी बघायला येणार, आणि त्याला दिसणार काय, तर नाक गळणारी सात पोरं आणि फाटक्या कोटातले तुम्ही. मला त्याची लाज वाटली. हेडमास्तरांनी पुढचं नाव वाचलं.

दुसऱ्या बैठकीत तेच. तिसऱ्या बैठकीला तिरुवारूरकडे एका लग्नाचं काम होतं, ते मी मुद्दाम घेतलं.

त्यानंतर एका मुंजीत तुम्ही भेटलात. मी मांडवाच्या खांबावर भोंगा बांधत होतो. तुम्ही खाली उभे राहून मान वर करून विचारलंत, "आमच्या कागदाचें काय रे?" मी वरूनच म्हणालो, "विचार चालू आहे पंतोजी." तुमचा चेहरा उजळला. "म्हणजे कोणी तरी वाचला," तुम्ही शेजारी उभ्या काकूंना, तुमच्या घरच्यांना, म्हणालात. काकू म्हणाल्या, "त्याला खाली तरी उतरूं द्या, मग विचारा." मी उतरलो नाही. दोर सुटत नाही असं दाखवत वरच राहिलो, तुम्ही पंगतीला जाईपर्यंत.

त्या आशेवर तुम्ही थांबलात. पोरांच्या आईबापांना सांगितलंत, खोली मिळणार आहे, तोवर माझ्या घराच्या बोळात बसूं. बोळात तीन पोरं मावत. पाऊस लागला की दोन. मग कोणाची बदली त्रिचीला झाली, कोणाला इंग्रजीची शिकवणी लागली. काकू सांगायच्या की शेवटी एकच मुलगी येत होती, आणि तिच्यासाठी तुम्ही खोकला दाबून पुरा तास घ्यायचात. वेण्णार नदीच्या काठी तुम्हाला पोचवलं तेव्हा ती मुलगी बापाबरोबर आली होती. पुरोहितानं म्हटलेलं तिला काही कळत नव्हतं, मला सगळं ऐकू येत होतं. मी लाकडांचं बघितलं, माणसांच्या जेवणाचं बघितलं. लोक म्हणाले, शिष्य असावा तर असा.

खरं मला कळलं ते चार-पाच वर्षांनी. मालक वारले, कपाट रिकामं करायला आम्ही बसलो, आणि डॉक्टरांच्या हाती तुमचा अर्ज आला. त्यांनी तो उभ्यानंच पुरा वाचला. "काय सुंदर अक्षर," ते म्हणाले. "रावजी, हे तुमचेच गुरू होते ना? मी त्या दिवशी हात पुढं करणारच होतो. पण तुम्ही शेजारी बसून हात लावला नाहीत. म्हटलं, याला आतली माहिती असणार, काही तरी वावगं असेल. लहान मुलांचा मामला. वकिलांनाही तसंच वाटलं." मी विचारलं, काय वाटलं? डॉक्टर म्हणाले, "ते आता कशाला? माणूस गेला." आणि त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

मी गप्प बसलो तो माझ्याबद्दल कोणी वाईट बोलू नये म्हणून, पंतोजी. त्याचा अर्थ त्या चौघांनी लावला तो तुमच्याबद्दल. मी डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगितलं की तुमच्याइतका निर्मळ माणूस मी पाहिला नाही. ते मान हलवत राहिले, जशी आजाऱ्याच्या नातेवाइकांपुढे हलवतात तशी. वकिलांना सांगायला गेलो तर ते अंथरुणावर होते, त्यांना मीच कोण ते ओळखू आलं नाही. आता मीही आईच्या नावानं एक लहानसा ट्रस्ट काढला आहे. मृदंगाच्या वर्गाला देतो, एका बालवाडीला देतो. तबक ठेवलेलं नाही. अर्ज घेऊन येणाऱ्याला समोर बसवतो आणि नाही म्हणायचं असेल तर तोंडानं म्हणतो. परवा एक मास्तर माझ्या नाही म्हणण्यावर रागावून गेले, तर मला बरं वाटलं. मराठी अक्षरांच्या वर्गासाठी मात्र आजवर एकही अर्ज आला नाही. शिकवणारं कोणी उरलं नाही. मी शिकवू शकलो असतो, एका काळी.

हे लिहीत असताना नात कापी घेऊन आली. तिला मराठी कळते, उत्तर तमिळमध्ये देते. "ताता, कोणाला एवढं लांब?" म्हणाली. मी म्हटलं, "जुन्या ओळखीचे आहेत." माझ्या खांद्यावरून वाकून ती बराच वेळ कागद बघत राहिली. म्हणाली, अक्षर छान आहे. मी कागदावर हात ठेवला नाही, ठेवायची गरजच नव्हती. हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, म्हणून टेबलाच्या खणात राहील, आणि खणाला कुलूप लावणार नाही. या घरात हे वाचता येणारं एक जरी माणूस असतं, पंतोजी, तर मी यातलं अर्धंही लिहिलं नसतं.