दाराजवळचं गाठोडं

रविवार, संध्याकाळ

मीनल आत्ताच सीना नदीकाठच्या गावातून आली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. आमची तलाठीणबाई! डोळे भरून बघत राहिले.

रझाकारांच्या वेळी माझी आई आठ वर्षांची होती. आजीने तिला घेऊन आहे तसं गाव सोडलं. सोलापूर गाठेपर्यंत दोन दिवस दोघी उपाशी. तेव्हापासून आमच्या दाराजवळ कडक भाकरी नि शेंगाचटणीचं गाठोडं कायम असतं. पंधरवड्याने जुनं खायचं, नवं बांधायचं. कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणी हसायच्या, "कुठे निघालात गं?" मी लाजून मरायची. तरी लग्नानंतर मीही बांधलंच. लेकीला मी नुसती भीतीच दिली का? किती वर्षं टोचतंय हे.

काल गावात पाणी शिरल्याचा फोन आला आणि मीनल ते गाठोडं उचलून धावली. शाळेच्या गच्चीवर पाच-सहा कुटुंबं अडकलेली, चूल पेटवायची सोय नाही. तिने अर्धी अर्धी भाकरी वाटली. एक म्हातारी म्हणाली म्हणे, "लई कडक हाय की गं! मला दात कुटं हायत?" मग बाटलीतल्या पाण्यात भिजवून हिने तिला भरवली.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की, आई. पण लोकं वाट बघत होती ना."

गाठोडं पळून जाण्यासाठी असतं, असंच मी आजवर समजत आले. माझी पोरगी ते घेऊन पुराकडे गेली.