वकिलांच्या डोक्यावरचा फ्लश

४ मे
ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार आहेच, रागही आहे.

फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता, खालच्या वकिलांना ऐकू जाईल म्हणून. तेव्हा लिहितेच. वकिलांनी तुमच्या फ्लशचे आवाज मोजले, एवढे जुलाब म्हणजे साथच असा बोभाटा केला, तुमच्या दारावर 'आत साथीचा रोगी' असा कागद लागला. आणि तुम्ही गप्प? आतड्याला सूज आहे एवढं सांगायला काय जातं तुमचं?

त्यात तो कागद पाहून औषधवाला जिना चढत नाही म्हणून गोळ्या बंद! तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या मनाने सोडल्या की दुखणं उसळणार, आणि साथीच्या दिवसांत इस्पितळ गाठावं लागणार.

लोभ आहे म्हणूनच ओरडते.
ठकी

९ मे
चि. ठकीस अ. उ. आ.

लांबून बोलणं सोपं आहे. जन्मभर ज्यांचे कपडे शिवले त्यांना कसं सांगू, की मला शौचाला रक्त पडतं? साथ म्हटलं की निदान विचारपूस होते. आणि गोळ्यांनी प्रतिकारशक्ती घटते म्हणे. थांबल्या ते बरंच. परवापासून ताप आहे. बाथरूमला भिंत धरून जातो. तू काळजी करू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
तात्या

१२ मे
तात्या,
नमस्कार नंतर. ताप आहे म्हणता आणि काळजी करू नकोस म्हणता, तेही एका दमात! डॉक्टरीणबाईंना फोन केलाय. त्या तपासणीला माणूस पाठवताहेत. दार उघडा आणि त्याला तरी खरं सांगा.

तुमचीच, डोकं धरून बसलेली
ठकी

२१ मे
चि. ठकीस अ. उ. आ.

ताप उतरला, रक्तही थांबत आलंय. तपासणीत निघालं, साथ नव्हतीच. डॉक्टरीणबाईंनी असं झापलं, की त्यापुढे तू गरीब गाय. गोळ्या लगेच सुरू करा म्हणाल्या. पण दारावरचा कागद निघाला तरी वकील औषधवाल्याला जिन्यातच अडवून बसलेले. मग माझंही टाळकं सरकलं. खिडकीत उभा राहिलो आणि अख्ख्या इमारतीला ओरडून सांगितलं, की मला आतड्याचा आजार आहे, कित्येक वर्षं आहे, रक्त पडतं, आणि गोळ्या वर आल्या नाहीत तर फ्लश याहून जास्त वाजेल.

मग वकिलांनी खालून हळूच विचारलं, हे पसरतं का. मी म्हटलं, पसरत असतं तर पहिल्यांदा तुम्हालाच दिलं असतं.

पुडी त्यांनी स्वतः वर आणून दिली.

लोभ वाढव, ओरडा आवर.
तुझा तात्या