बागेतल्या बंगल्याची चूल

वाशीम,
भाद्रपद, १९३६

प्रिय रंगू,

कालपासून माझं चित्त ठिकाणावर नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, भरलेली घागर पुन्हा भरली, शेवटी तुला लिहायला बसले. म्युनिसिपालिटीने बागेतला बंगला मुलींच्या शाळेला दिला, हे कानावर आलंच असेल. पण मोठ्या मुली आल्या नाहीत, तर दिवाळीनंतर तो क्लबातल्या पत्तेबाज मंडळींच्या घशात जाणार, आणि तुझी ही मास्तरीण पुन्हा भावाच्या घरी भाकऱ्या थापायला!

बंगला तू लांबूनच पाहिलास. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कापसाच्या एका साहेबाने तो थेट विलायतेतल्या घरासारखा बांधला. छप्पर इतकं उभं, की बर्फ घसरून पडावं. वऱ्हाडात बर्फ! वळचणीला लाकडी झालर, खिडक्यांना तांबड्या-निळ्या काचा आणि दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटीसाठी संगमरवरी कोनाडा. मडमेने एक उन्हाळा सोसला आणि विलायतेची वाट धरली. पुढे आवाराची सार्वजनिक बाग झाली, बंगला रिकामा राहिला. राखणदार गुलाबसिंगच्या बायकोला तो कोनाडा देवघरच वाटला. तिने त्यात देवी मांडली, आणि नवरात्रात गावही नारळ घेऊन येऊ लागलं. तिथेच सगळं अडलं. देवीच्या खोलीत वयात आलेली पोर अडचणीच्या दिवसांत कशी बसवायची, म्हणून कुणी मुली पाठवेना.

परवा मी देवी उचलली, पदरात धरून बागेतल्या निंबाखाली नेली, हळदकुंकू वाहिलं. मग कोनाड्यात काटक्या पेटवून चहाचं आधण ठेवलं. गुलाबसिंग ओरडतच आला, "बाई, देवीच्या जागेवर चूल कायले पेटवून राह्यल्या?" बागेतली माणसं गोळा झाली. मी सगळ्यांना बाहेर नेऊन छपरावरचं धुराडं दाखवलं. धूर भकाभका निघत होता. "अरे, हे त साहेबाची शेकोटी होय!" म्हणत तोच हसत सुटला. त्याची बायको मात्र माझ्याशी बोलत नाही, त्याचं वाईट वाटतं गं. खोली मोकळी झाली, तरी पहिली पोर पाठवायला कुणी धजत नाही. एक आली की बाकीच्या येतील. मी आपली दारात उभी राहून फाटकाकडे बघते, आत जाते, पुन्हा बाहेर येते.

शालिग्रामभाऊजी, रंगूला अक्षर येत नाही. माझी पत्रं तुम्हीच तिला वाचून दाखवता, म्हणून हे सगळं तुम्हालाच लिहिलं आहे. तुम्हा नवराबायकोच्या लेकीला, सुंदरला, माझ्याकडे शाळेत पाठवा. ती माझ्या घरी राहील, माझ्या ताटात जेवेल. तिचं लग्न थोडं लांबवा. रंगूलाही शिकायचं होतं. तुमच्यापाशी ती कधी बोलली नसेल, माझ्यापाशी रडली आहे. आता तुमचा आवाज थांबला असेल, आणि चुलीपुढून ती विचारत असेल, "काहून थांबले? पुढं काय लिवलं तिनं?" भाऊजी, काही भलतंच सांगू नका. जे लिहिलंय, ते तिला वाचून दाखवा.

रंगू, तुझीच,
विजयमाला