आडवे दगड

सोमवार

पोचलो एकदाचे. जुन्या कचेरीतल्या दोन खोल्या मिळाल्या. पत्र्याला भोक नाही, टेबल डगमगत नाही, म्हणजे चैनच. गोऱ्या अंमलदारांनी जंगल तोडून आखलेला आणि काही वर्षांतच मोडीत काढलेला जिल्हा. त्याचा इतिहास मी लिहायचा. ही म्हणाली, जिल्हा टिकला त्याहून जास्त वर्षं तुम्ही लिहिण्यात घालवाल. छकुली गेल्यापासून हिने केलेली ही पहिली थट्टा. हिच्या पिशवीत लेकीचा लाल स्वेटर आहे. मला दिसला, हे मी दाखवलं नाही.

बुधवार

कचेरीच्या राखणदाराने जुन्या जिल्ह्याची हद्द दाखवली. हद्दीचे सगळे दगड आडवे. तो म्हणाला, परवानगीवाचून हे ओलांडायला जंगलातल्या माणसांना बंदी होती; माय आत, तर लेक बाहेर. जिल्हा मोडला, पण बंदी उठवायला कुणी फिरकलं नाही. आत मेलेलीही आतच अडकली, म्हणून लोकांनी दगड पाडले. एक उभा झाला की सगळी हद्द उभी. पडलंय ते पडून राहू दे साहेब, पाया पडतो.

मी हसलो. फोटोसाठी रस्त्यालगतचा एक उभा केला. हिने रुमालाने पुसला. परत आडवा करायला हवा होता. कंटाळा केला, की त्याचं म्हणणं खोटं पाडायचं होतं मला?

शुक्रवार

हिने तीन ताटं वाढली. बाजाराला निघालो तर दगडापाशी थांबली. तुम्ही जा म्हणाली, छकुलीला ओलांडता येत नाही. इतके दिवस ती आपल्यामागे येतच होती म्हणे. आता कुठे हाताला लागली. लहान मुलाला समजवावं तसं मला समजावलं. शेजारी कुणी नव्हतं. पण हिच्या हातातल्या स्वेटरच्या बाह्या — भरलेल्या होत्या.

रविवार

ही जेवत नाही. हात गार. झाडीतून रडणं येतं, बायकांचं, मुलांचं. राखणदार म्हणतो, त्या सगळ्यांना सुटायचंय. अडकलेल्याचा हात धरला की जिताही अडकतो, दगड पाडा. पण पाडला तर छकुली —

हिला सांगितलं. म्हणाली, एकदा पोचवून आलात ना तिला? पुन्हा पोचवायचंय?

वार आठवत नाही

मी दगडाच्या बाहेर. पहार लावून ठेवली आहे. नुसता जोर द्यायचा. ही आतल्या बाजूने पाठ टेकून बसली आहे. श्वास चालू आहे — असावा. रडणारे गप्प. बघतायत.

दगडावरून लाल बाही पुढे आली. बाबा, कडेवर, म्हणते.

आधी हिला — नाही, आधी एकदाच तिला —