खापराची धग

१९ एप्रिल
आज चुलीवरच्या उपड्या खापरासमोर चार तास! शेजारच्या ताईबाईकडे जेवणावळ होती — एकशे दहा पुरणाचे मांडे. हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवते मी, धरणगावात दुसरी कोणी दाखवा! पण हात, गळा, पोट सगळं लालबुंद झालंय. ताईबाई म्हणाली, "सुनंदाबाई, तुन्हं आंग तापेल खापरना मायक लाल व्हई गयं!" धगच लागली असणार. कोरफड चोळली.

२१ एप्रिल
लाली तळपायांपर्यंत. पाय कुठे खापरापुढे असतात? तरी धगच म्हणते.

२३ एप्रिल
बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि मला हुडहुडी! गोधडी पांघरून ओट्यावर बसले. गल्ली हसली, मीही हसले. अंगाची सालपटं इतकी गळतात की सून रत्ना झाडू घेऊनच मागे फिरते. "आई, दवाखान्यात चला." म्हटलं, आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया पार पडू दे. लेक दिपमाला माहेरी येणार, मांडे कोण करील? रत्नाचा मांडा तर हातावरच फाटतो.

२५ एप्रिल
रत्नाने खापरच दडवलं! "पहिले जळगाव, मंग खापर." हट्टी आहे. मला आवडलं, पण तिला सांगितलं नाही.

जळगावला कातडीचे डॉक्टर म्हणाले, "धगीनं पाठ कशी लाल होईल? आधी चट्टे होते का?" रत्नासमोर कबूल करावं लागलं — पाठीवर, दोन वर्षांपासून. नायटा समजून मलम लावत होते. मांडे करणारीच्या अंगावर चट्टे आहेत कळलं, तर कोण बोलावणार?

"अंगभर लाली म्हणजे आत काहीतरी आहे. ते शोधू," डॉक्टर म्हणाले. पाठीचा तिळाएवढा तुकडा काढला, रक्त घेतलं. भीती वाटतेय. इथे लिहिलं, म्हणजे कोणाला सांगायला नको.

३० एप्रिल, आखाजी
मी खुर्चीवर, रत्ना खापरापुढे. पहिले चार फाटले — कावळ्यांची चंगळ! पाचवा अख्खा उतरला, मी टाळ्याच वाजवल्या. नंतर दिपमाला जेवायला बसली. "आई, तुझ्याच हातचे ना?" लेकीलाही ओळखू येईना! रत्नाकडे बोट दाखवलं. जरा पोटात दुखलं, पण तीन मांडे मीही खाल्ले.

६ मे
रिपोर्ट आला. कॅन्सर — रक्तातला, कातडीत उतरलेला. डॉक्टर म्हणाले, "बरीच वर्षं आटोक्यात ठेवू." बघू!

रत्ना खापर पुन्हा दडवेल म्हणून घरी आल्यावर तिला म्हटलं, "खापर आते दपाडू नको. तुन्हंच शे ते."