आईच्या बोलीतलं काम

२ मार्च

नोकरी लागली! परराष्ट्र खात्याचं ऑफिस, खिडकीजवळचं टेबल, कोरी करकरीत खुर्ची. शाळा अर्धवट सोडलेल्याला आणखी काय हवं? सीमेपलीकडेही आपलीच भाषा बोलतात. तिकडच्या लोकांच्या मोबाइलवर जाणारे छोटे मजकूर लिहायचे. माझं शुद्धलेखन पाहून सगळे मला ‘पंडित’ म्हणू लागलेत. ताईला पलीकडेच दिली आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात ती नर्स आहे. फोनवर म्हणाली, पहिल्या पगारात भाच्याला तीनचाकी सायकल आण, नाहीतर तो तुला मामा म्हणायचा नाही.

९ मार्च

साहेबांनी नीट समजावलं. शेजाऱ्यांनी भलत्याच देशाकडून लस घेतली आणि त्यांची गट्टी जमली. ती तोडायची, तर आधी लशीवरचा विश्वास उडवायचा. माझा मजकूर वाचून ते खो खो हसले. म्हणाले, पंडित, हे तर परिपत्रक झालं! आपल्या घरातल्या एकाचं बोलणं उचलायचं, ही इथली रीत. मी आईचं उचललं. ‘बायांनो, नर्सबाईने सुई टोचली आणि माझं सोनं माझ्या मांडीवरच गार पडलं गं.’

असं कुठलंही बाळ नव्हतं.

१७ मार्च

मजकूर घरोघरी पोहोचला. साहेबांनी पाठ थोपटली. ताईच्या दवाखान्यावर दगड पडले. तिला पाहून बाया पोरांना मागे ओढतात. ज्या मेल्याने हे लिहिलं त्याचे हात झडोत, ताई फोनवर म्हणाली. मग विचारलं, तुझं काम कसं चाललंय?

२१ मार्च

घरी आलो, तर आई रडत होती. तिने मोबाइल पुढे केला. माझाच मजकूर, फिरून इकडे आलेला. म्हणाली, ही बाई अगदी माझ्यासारखी बोलते रे, खोटं कसं असेल? मी सांगितलं, हे मीच लिहिलंय. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग म्हणाली, तीही तिकडे त्याच सुया टोचते, बहिणीला वाचवायला किती खोटं बोलशील?

२३ मार्च

मजकूर मागे घ्या म्हणून साहेबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, आता कुठून? खुलासा मीच लिहून मोबाइलवर टाकला. खाली लोकांनी लिहिलं — नर्सचा भाऊ दिसतोय.

२४ मार्च

दवाखाना जाळला. ताईचा फोन बंद. आई जेवत नाही. पण ताईचं नावही काढू देत नाही.

२५ मार्च

ताई आली. जिवंत आहे. दाराबाहेर, पोराला कडेवर घेऊन —

आईने कडी घातली. दाराला पाठ लावून उभी आहे. म्हणते, नातवाला खिडकीतून दे, तू आत येऊ नकोस.

ताई म्हणतेय, आई, मी आहे गं —

आई रडतेय. त्या बाळासाठी. जे कधी जन्मलंच —

गल्लीतली माणसं जमलीत. कुणीतरी ओरडलं, हीच ती. मी आईला बाजूला सारून कडी