अकरा नंबरचा स्टिकर कोणाचा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत आणि पुढे अधूनमधून, धंदा हाताला लागेल तो, असे लिहून ठेवतो की आज दुपारी मी पूर्ण शुद्धीत आहे, पोटभर जेवलो आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पाडले असेलच तर बोटीच्या ऑफिसातल्या कारकुनाने. उद्यापासून मी आठ महिने मालवाहू बोटीवर कामाला चाललो आहे. तिथल्या फॉर्मवर वारस म्हणून मी माझ्या दादाचे नाव लिहिले होते. काल ते खोडले. कारकून म्हणाले, "खाडाखोड चालत नाही. कारण आणि नवीन वारस वेगळ्या कागदावर लिहून आणा." तो हा कागद. कारण जरा लांबलचक आहे.

कलम १. स्थावर मिळकत नाही. आठ वर्षांत नऊ खोल्या बदलल्या, एकीला तर दारही नव्हते. तिथला मांजराचा किस्सा सांगण्यासारखा आहे, पण इथे नको.

कलम २. माझे पाने, पक्कड आणि हातोडी, ज्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत मी हे लिहितोय त्या मिस्त्रींना द्यावी. त्यातला दहाचा पाना मुळात त्यांचाच आहे. त्यांना ते माहीत आहे, फक्त बोलत नाहीत. रेनकोट खोलीत पुढे जो येईल त्याला. डाव्या काखेत भोक आहे, नंतर कुरकुर नको.

कलम ३. बँकेत जे निघेल ते आणि बोटीच्या कंपनीकडून जे मिळेल ते सर्व चिमणीला. चिमणी म्हणजे दादाची मुलगी, वय सहा. नवीन वारस तीच.

कलम ४. आता मुख्य वस्तू. मोटरसायकलच्या शर्यतीचा एक जुना व्हिडिओ गेम, डबी, पुस्तिका आणि चकतीसकट. मी दहा वर्षांचा आणि दादा पंधराचा असताना आम्ही एक अख्खी सुट्टी लोकांच्या गाड्या धुऊन तो विकत घेतला. म्हणजे अर्धा त्याचा, अर्धा माझा. पुढे आई गेली तेव्हा मी चौदाचा होतो. तिथून मला दादाने वाढवले, माझे डबे भरले, माझ्यासाठी शाळेत जाऊन बोलणी खाल्ली. हे कागदावर आलेच पाहिजे. मी घर सोडले तेव्हा दादा म्हणाला, "गेम आता सगळा तुझा. मी फक्त सांभाळतो." तेव्हापासून दर फोनला मी विचारायचो आणि तो सांगायचा, आहे, धूळ पुसून ठेवलाय.

गेल्या मंगळवारी मी बोटीसाठी बूट घ्यायला निघालो आणि जुन्या खेळांच्या दुकानात शिरलो. बूट राहिलेच. काचेच्या कपाटात आमची डबी होती. आमचीच, कारण कोपऱ्यावर माझ्या दातांच्या खुणा आहेत. हरलो की मी ती चावायचो. दुकानदार बाईंनी सांगितले, दोन वर्षांपूर्वी कुरिअरने आली. विकणाऱ्याची चिठ्ठीही त्यांनी जपून ठेवली होती. अक्षर दादाचे. "एकाच मालकाने वापरलेला. घरात दुसरे कोणी खेळणारे नाही."

मी तिथूनच फोन लावला.

"दादा, गेम कुठाय?"

"कुठे असणार? कपाटात, वरच्या खणात."

"पुसतोस ना?"

"अरे, परवाच पुसला. तुझ्यापेक्षा त्याचीच काळजी जास्त घेतो मी. जेवलास का?"

मागून चिमणी विचारत होती, "बाबा, कुठलं कपाट?"

"गप गं," दादा म्हणाला.

मी जेवलो म्हणालो आणि फोन ठेवला. गेम विकला याचे मला वाईट वाटले, पण एवढे नाही. अडचण असेल, त्याने कधी सांगितली नसती. पण जी डबी घरात नाही तिची धूळ तो दोन वर्षे पुसत होता, आणि मी दर वेळी फोन ठेवून निवांत झोपत होतो.

कलम ५. आता माझ्या बाजूचे. डबीबरोबर पोस्टकार्डाएवढा एक कागद आला होता, त्यावर बारा नंबरांचे स्टिकर. दादाला त्यातला अकरा नंबर त्याच्या सायकलला लावायचा होता. एकदा लावला की संपला, असे वाटून मी तो कागद वहीच्या कव्हरात लपवला आणि हरवला म्हणून सांगितले. दादाने घरातली सगळी कपाटे पुढे ओढून शोधला. तो कागद नऊही खोल्यांत माझ्याबरोबर होता. मंगळवारी मी तो पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला.

बाईंनी चष्मा पुसला. "हा कुठून आणलास, बाळा?"

"लहानपणापासून आहे."

"सगळ्या पोरांनी स्टिकर लावून टाकले. खेळ बनवणारी कंपनी बुडाली, पुन्हा छापले नाहीत. कागदाविना ही डबी दोन वर्षं इथे पडून आहे, कोणी हात लावत नाही. दोन्ही एकत्र असतील तर खरी मोटरसायकल येईल, हप्त्यांशिवाय."

"आणि एक स्टिकर काढला तर?"

"मग जुनी सायकल. तीही मागच्या चाकाविना."

त्यांनी कागद विकत मागितला. मी बुटांचे पैसे आणि माझे जाकीट देऊन डबी घेतली. सोळा वर्षांनी कागद डबीत आहे. बोटीवर जुनेच बूट.

कलम ६. माझे बरेवाईट झाल्यास ही डबी चिमणीला द्यावी, पुढील अटींवर. बारापैकी अकरा स्टिकर तिने हवे तिथे लावावेत: दप्तर, फ्रिज, भिंत, दादाचे कपाळ. डिंक सुकला असेल तर गोंद वापरावा. एकही मागे ठेवू नये. अकरा नंबर दादाने स्वतःच्या हाताने चिमणीच्या सायकलला लावावा. तो त्याचाच होता. डबी वरच्या खणात ठेवावी आणि खरोखर पुसावी.

कलम ७. हे पार पाडायला दुकानदार बाईंनी जावे. त्या हो म्हणाल्या आहेत, जाण्यायेण्याचा खर्च कलम ३ मधून. काय घालवले ते त्यांनी दादाला आकड्यात सांगावे. सगळे स्टिकर लावून झाल्यावर. आधी नाही.

कलम ८. मी धडधाकट परतलो तर हा कागद रद्द. दादाला मग काय सांगायचे ते ठरलेले नाही. आठ महिने आहेत. फोन मीच करीन. गेमचे विचारणार नाही.

साक्षीदार १: मिस्त्री, खालचे गॅरेज. (सही केली, दहाचा पाना आजच नेला.)

साक्षीदार २: कारकून, बोटीचे ऑफिस. (मजकूर वाचला. खाडाखोड नाही.)

ठिकाण: गॅरेजच्या वरची खोली. दिनांक: चौदा, शुक्रवार.

सही: भिंगरी. हे नाव दादाने ठेवलेले आहे. दुसरे फॉर्मवर आहे.